जीपच्या हुडाला पडणारा झोळ

नागपुरातल्या जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर माझ्या जुन्या जीपच्या नव्या हुडावर, म्हणजे कापडी छतावर, त्याला खालून आधार देणाऱ्या मागच्या दोन पाइपांच्या मधोमध, परातभर पाणी साचले होते. कापड चांगले जाड होते आणि शिवणही पक्की होती. आतून हाताने वर ढकलल्यावर पाणी धबाधबा खाली आले, पण रात्रीच्या सरीनंतर सकाळी परात पुन्हा भरलेली, आणि या वेळी किंचित अधिक खोल. हूड शिवणारे कारागीर आणि मी, दोघांनीही आधी कापडालाच दोष दिला. प्रत्यक्षात चूक कापडाखालच्या पाइपात होती, आणि ती समजून घ्यायची तर कापड ओझे कसे पेलते हे पाहावे लागते.

पत्र्याचे छत दाब आणि ताण दोन्ही सहन करते, कापडाला मात्र फक्त ताण समजतो. त्याला दोन्ही बाजूंनी ढकलले तर ते चुरगळते, वरून भार दिला तर ते वाकून झोळ घेते आणि त्या झोळाच्या जोरावरच भार पेलते. अंगणातल्या वाळत घालण्याच्या दोरीचे उदाहरण यासाठी पुरेसे आहे. ओली चादर टाकली की सैल दोरी खाली लोंबते, पण तिचे खिळे शाबूत राहतात; तीच दोरी ताठ ओढून बांधली तर तितक्याच चादरीने खिळा भिंतीतून निघून येतो. झोळ निम्मा केला की ताण दुप्पट होतो, असा हा साधा हिशेब आहे.

हुडाला तो जसाच्या तसा लागू पडतो. समजा, दोन पाइपांमध्ये 60 सेंटिमीटर अंतर आहे आणि वाऱ्यामुळे किंवा पाण्यामुळे कापडावर दर चौरस मीटरला 20 किलो वजनाइतका भार आला आहे. कापड 2 सेंटिमीटर झोळ घेत असेल, तर त्याच्या प्रत्येक मीटर रुंदीत सुमारे 45 किलोचा ताण येतो; झोळ 1 सेंटिमीटरवर आणला तर 90 किलोचा आणि अर्ध्या सेंटिमीटरवर आणला तर 180 किलोचा. म्हणजे ‘ढोलकीसारखे ताठ’ हूड हवे असा आग्रह धरणारा गाडीमालक नकळत सगळा भार शिवणींवर आणि बटणांवर टाकत असतो. उलट कापड फार सैल ठेवले तर ते वाऱ्यात फडफडते, आणि फडफडीने कोपरे फाटायला फार दिवस लागत नाहीत.

यातून वाट निघते ती आकारातून. घोड्याचे खोगीर एका दिशेने वर फुगलेले आणि दुसऱ्या दिशेने खाली दबलेले असते. कापडाला असा दुहेरी बाक दिला की त्याचे आडवे आणि उभे धागे एकमेकांना विरुद्ध दिशांना ओढून धरतात. वरून पाणी पडले तर एक धागा ते पेलतो, वाऱ्याने कापड वर उचलले तर दुसरा. जर्मन वास्तुशिल्पी फ्राय ओटो यांनी तारेच्या चौकटी साबणाच्या पाण्यात बुडवून, त्यांवर धरणाऱ्या पडद्यांवरून असे आकार शोधले होते, आणि 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकच्या क्रीडागाराचे तंबूसारखे छत त्याच विचारातून उभे राहिले. जीपच्या हुडात हा आकार फुकट मिळतो, फक्त पाइपांना मधोमध कमानीसारखा उठाव हवा. कमानींवर ताणलेले कापड गाडीच्या रुंदीत वर फुगते आणि दोन कमानींच्या मध्ये, गाडीच्या लांबीत, किंचित दबते; हेच ते खोगीर.

माझ्या जीपचा मागचा पाइप बदलताना कोणीतरी सरळ नळी बसवली होती. सरळ नळीवरचे कापड सपाट राहते, सपाट कापडावर थोडे पाणी थांबते, त्या वजनाने झोळ वाढतो आणि वाढलेल्या झोळात आणखी पाणी मावते. एक चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर 1 किलो, आणि नागपूरला वर्षाकाठी 1,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तोही बहुतांश चार महिन्यांत. नळी बदलून मधोमध जेमतेम 3 सेंटिमीटरचा उठाव दिल्यावर परात कायमची गेली. कापड तेच होते.

वाऱ्याचे गणित याहून दांडगे आहे. ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीवर समोरून येणाऱ्या हवेचा दाब दर चौरस मीटरला साधारण 28 ते 30 किलो वजनाइतका असतो. ताशी 40 ला तो चौथाईवर येतो, कारण हा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. हवा पुढच्या काचेवरून उसळून टपावरून वेगाने जाते, तिथे दाब कमी होतो आणि कापड वर ओढले जाते. त्यात बाजूचे पडदे उघडे असले तर आत शिरलेली हवा खालूनही रेटते. म्हणूनच काचेच्या चौकटीवरची पकड बटणांवर न सोडता, कापडाच्या काठात जाड दोरीची पायपिंग शिवून ती ॲल्युमिनियमच्या खाचेत सरकवतात. बटण एका ठिपक्यावर धरते, तर खाच पूर्ण काठभर भार वाटून घेते.

आता कापडाकडे वळू. विलिस जीप 1941 साली अमेरिकी सैन्यात आली आणि 1947 साली महिंद्रने तिची जुळणी भारतात सुरू केली, तेव्हा हूड म्हणजे सुती कॅनव्हास होते. ज्या नागपुरात 1877 साली एम्प्रेस मिल ही कापडगिरणी सुरू झाली, तिथे कापसाचा एक गुण मुद्दाम सांगायला हवा: भिजल्यावर त्याचा तंतू फुगतो आणि विणीतली भोके स्वतःच बुजवतो. पण ओले कॅनव्हास घडी घालून ठेवले की बुरशी त्याला खाते. त्यामुळे आज पॉलिएस्टरच्या विणीवर पीव्हीसीचा थर दिलेले कापड सर्रास वापरतात, आणि महाग हुडांत बाहेर ॲक्रिलिक, मध्ये रबर व आत सूत असे तीन थर असतात. ॲक्रिलिकचा रंग धागा बनण्याआधीच त्यात मिसळलेला असतो. वांग्याची साल जांभळी आणि आत पांढरे, बीट मात्र आरपार लाल; हे कापड बिटाच्या जातीचे, म्हणून उन्हात लवकर विटत नाही.

रंगाची निवड हा नागपुरात खरा पेच आहे. मे महिन्याच्या दुपारी दर चौरस मीटरवर सुमारे 1,000 वॉट ऊन पडते, म्हणजे अडीच चौरस मीटरच्या हुडावर एका गीझरइतकी उष्णता ओतली जाते. काळे कापड त्यातली बहुतेक पिऊन घेते आणि खाली बसलेल्याच्या डोक्यावर शेकोटीसारखी सोडते. मात्र काळ्या रंगातली काजळी अतिनील किरण अडवून पीव्हीसीचे आयुष्यही वाढवते, तर पातळ पांढरे कापड उजेड थेट आत घेते. माझ्या मते फिकट बदामी कापड आणि त्याखाली दोन बोटांची पोकळी सोडून अस्तर, हाच इथला शहाणपणा. खिडकीच्या पारदर्शक पीव्हीसीला मात्र तोडगा नाही: त्याला मऊ ठेवणारे द्रव्य उन्हाने उडून जाते, खिडकी पिवळी पडते आणि तडकते. जंगलवाटेची धूळ कोरड्या फडक्याने पुसणे म्हणजे तिच्यावर पॉलिश पेपर घासणे.

गळती कापडातून क्वचितच होते. ती सुईच्या भोकांतून होते. 3 मिलिमीटरची टीप घेतली तर एका मीटर शिवणीत तीनशेहून अधिक भोके पडतात, आणि दुहेरी टिपेत त्याच्या दुप्पट. मजबुतीसाठी टीप बारीक करणे ही नेहमीची चूक आहे, कारण मग शिवण पोस्टाच्या तिकिटांसारखी भोकांच्या रेषेवरच फाटते. पॉलिएस्टरच्या गाभ्यावर सूत गुंडाळलेला दोरा वापरला तर तो भिजल्यावर फुगून भोक बुजवतो. कापसाचा जुना गुण इथे पुन्हा कामी येतो. आमचे कारागीर म्हणाले, “दुमडीचं तोंड खाली ठेवा भाऊ, कवेलूसारखं, पाणी काही वर चढत नाही.” कवेलूची, म्हणजे छपरावरच्या कौलांची, उपमा अचूक आहे, पण पाणी वर चढते: दोन थर एकमेकांना चिकटून असले तर केशाकर्षणाने ते त्यांच्यामधून काही मिलिमीटर सहज वर जाते, म्हणून दुमड निदान दोन बोटे रुंद हवी. मोठे कारखाने पीव्हीसीचे जोड सुईशिवाय, 27.12 मेगाहर्ट्झच्या विद्युतलहरींनी वितळवून करतात. पीव्हीसीच्या रेणूत धन आणि ऋण अशी टोके असल्याने ते या लहरींसोबत थरथरून तापतात. पॉलिथिनच्या निळ्या ताडपत्रीच्या रेणूंना अशी टोके नसल्याने तिच्यावर ही युक्ती चालत नाही.

कापड बेतताना उभा धागा गाडीच्या लांबीत ठेवावा लागतो, कारण उरेब, म्हणजे तिरका, कापलेला तुकडा ओढला की लांबतच जातो आणि महिनाभरात सगळे माप बिघडते. शेवटचा प्रश्न माप कोणत्या ऋतूत घ्यायचे हा. पीव्हीसीचा थर मेच्या उकाड्यात मऊ पडतो आणि जानेवारीत, पारा 10 अंशांच्या आसपास आला की, आखडून कडक होतो. उन्हाळ्यात अंगासरशी बेतलेल्या हुडाची मागची चेन हिवाळ्याच्या सकाळी चार बोटे अलीकडेच थांबते. हिवाळ्यात बेतलेले हूड उन्हाळ्यात सैल पडते आणि फडफडते. म्हणून माप मधल्या ऋतूत घेऊन, मागच्या पडद्यात माया, म्हणजे जादा कापड, सोडून, ताण बकलाच्या पट्ट्यांवर ठेवला आहे. माझ्या पट्टीला दोन भोके आहेत, आणि होळीनंतर मी आतल्या भोकावर येतो, दिवाळीनंतर बाहेरच्या.