मुंबईतील समाजमाध्यम विपणन

समाजमाध्यम विपणन म्हणजे फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप, यूट्यूब अशा जाळ्यांवरून गिऱ्हाईक मिळवणे, ते टिकवणे आणि त्यातून धंदा वाढवणे. हा शब्द बोलण्यात कोणी वापरत नाही. मुंबईत ‘इन्स्टावर टाकलंय’, ‘स्टेटसला ठेवलंय’, ‘पेज चालवतो’ असे म्हणतात. मोठ्या कंपन्यांची खाती एजन्स्या सांभाळतात आणि त्यांचे तंत्र जगभर सारखेच असते. ही नोंद मुख्यतः मुंबई आणि उपनगरांतल्या लहान मराठी व्यावसायिकांविषयी आहे: फराळ आणि मोदक करून देणाऱ्या बायका, गावच्या बागेतला आंबा आणून विकणारे, साड्या, दागिने, मसाले, मासे विकणारे. या शहराने त्या तंत्राला दिलेले वळण याच मंडळींकडे दिसते.

पूर्वपीठिका

जाहिरात मुंबईला नवी नाही. गिरगावात १९०५ साली सुरू झालेली बी. दत्ताराम आणि कंपनी ही देशातल्या सर्वांत जुन्या जाहिरात संस्थांपैकी एक मानली जाते. पण घरून पापड-लोणची विकणाऱ्याला एजन्सी कधीच परवडली नाही. त्याची जाहिरात म्हणजे लोकलच्या डब्यात चिकटवलेले पत्रक, पेपरात घालून वाटलेले हँडबिल किंवा गणेशोत्सव मंडळाच्या स्मरणिकेतले पाव पान. (स्मरणिकेतली जाहिरात हे वर्गणीचेच दुसरे नाव, ती वाचून गिऱ्हाईक आल्याचे क्वचितच ऐकू येते.) खरा बाजार भरत असे बायकांच्या डब्यात. कल्याणहून निघालेल्या गाडीत घाटकोपर येईपर्यंत दोन साड्या हातोहात फिरत, एक खपे आणि पैसे हप्त्याने मिळत. उधारी बुडत नसे, कारण उद्या त्याच गाडीला त्याच खिडकीपाशी गाठ ठरलेली.

ऑर्कुट २००४ मध्ये आले आणि २०१४ मध्ये बंद पडले. त्यावर गप्पा झाल्या, धंदा फारसा झाला नाही. फेसबुकने २००७ मध्ये व्यवसायांसाठी वेगळी पाने उघडून दिली, तरी लहान दुकानदाराला खरा धक्का लागला तो २०१६ मध्ये. त्या एप्रिलमध्ये मुंबईतच यूपीआयची सुरुवात झाली, सप्टेंबरात जिओने इंटरनेट स्वस्त केले आणि नोव्हेंबरात नोटाबंदी आली. एका वर्षात हातात फोन, फोनमध्ये नेट आणि नेटवर पैसे, असे तिन्ही जमून आले. जानेवारी २०१८ मध्ये व्हॉट्सॲप बिझनेस आले. जून २०२० च्या अखेरीस टिकटॉकवर बंदी आली आणि लगेच जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केल्या. तेव्हा शहर टाळेबंदीत होते, नोकऱ्या गेल्या होत्या आणि घरचा ओटा हेच अनेकांचे दुकान झाले होते.

स्टेटस आणि ‘नंबर सेव्ह करा’

बाहेरून पाहणाऱ्याला समाजमाध्यम म्हणजे इन्स्टाग्राम वाटते. मराठी घरगुती धंदा मात्र चालतो व्हॉट्सॲपवर. इन्स्टावर लोक बघतात आणि व्हॉट्सॲपवर मागतात, इतका सरळ हा हिशेब आहे. बिझनेस ॲपमध्ये मालाची यादी लावता येते, गिऱ्हाइकांना ‘नवी ऑर्डर’, ‘पैसे बाकी’ अशी लेबले लावता येतात, रात्री आलेल्या निरोपाला आपोआप उत्तर जाते. हे सगळे फुकट.

ब्रॉडकास्ट यादीत (म्हणजे एकच निरोप एका वेळी अनेकांना वेगवेगळा पाठवण्याच्या यादीत) जास्तीत जास्त २५६ नंबर घालता येतात आणि ज्याने आपला नंबर सेव्ह केला आहे त्यालाच तो निरोप पोचतो. म्हणून फराळाच्या डब्यावरच्या स्टिकरवर, पिशवीत टाकलेल्या कार्डावर, वहिनींच्या हळदीकुंकवातही एकच विनंती असते: ‘नंबर सेव्ह करून ठेवा हं.’ दुकानाच्या पाटीपेक्षा या विनंतीला मोल अधिक.

स्टेटस चोवीस तासांत पुसले जाते, आणि तीच त्याची ताकद आहे. सकाळी साडेसातला भाजणी भाजतानाचा व्हिडिओ, अकराला सोऱ्यातून पडणारी चकली, दुपारी कागदावर पसरलेला घाणा आणि संध्याकाळी ‘आजच्या चकल्या संपल्या, गुरुवारी पुढचा घाणा’. या चार तुकड्यांत जाहिरातीचा शब्द नाही. पण बघणाऱ्याला तेल ताजे आहे, हात स्वच्छ आहेत आणि उशीर केला तर माल मिळत नाही, या तीन गोष्टी कळतात. ‘संपल्या’ हा शब्द ज्याला वेळेवर वापरता येतो त्याला वेगळी जाहिरात करावी लागत नाही. न संपता तो लिहिणारेही असतात. ते चार-सहा महिन्यांत ओळखू येतात.

किंमत न लिहिण्याची रीत

‘प्राइस प्लीज’ आणि ‘डीएम केलंय ताई’ ही इन्स्टावरच्या मराठी दुकानांची जणू पालुपदे आहेत. साडी किंवा दागिन्याखाली किंमत लिहायची नाही आणि विचारेल त्याला खासगीत सांगायची, अशी रीत पडली आहे. कारणे दोन: प्रतिस्पर्ध्याला भाव कळू नये, आणि पोस्टखाली प्रतिक्रिया वाढल्या की ती जास्त लोकांपुढे जाते असा समज. समजात तथ्य आहे, पण अर्धवट. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी पाहण्याचा वेळ, लाइक आणि इतरांना पाठवणे या गोष्टींना महत्त्व असल्याचे सांगितले आहे; त्यांत प्रतिक्रियांचे नाव नाही. हिंदमात्याला दुकानात गाठोडे सोडून साड्या दाखवणाऱ्या विक्रेत्याने भाव लपवला तर गिऱ्हाईक उठून जाईल. फोनवर ते उठल्याचे दिसत नाही, एवढाच फरक.

वर्तुळ आणि रूळ

पैसे देऊन जाहिरात करण्याला सगळीकडे ‘बूस्ट मारणे’ म्हणतात. जाहिरातीची जागा लिलावाने मिळते. जास्त बोली लावणारा जिंकेलच असे नाही. जाहिरात पाहून माणूस काही करण्याची शक्यता आणि जाहिरातीचा दर्जा हेही मोजले जाते. वय, आवड, भाषा निवडता येते आणि नकाशावर पिन टाकून भोवती काही किलोमीटरचे वर्तुळ काढता येते.

मुंबईत घोळ होतो तो या वर्तुळात. दादर चौपाटीजवळच्या घरगुती केकवालीने पाच किलोमीटरचे वर्तुळ काढले की त्यातला मोठा तुकडा अरबी समुद्रात जातो. पैसे समुद्राचे कापले जात नाहीत, पण जितकी वस्ती हाती लागेल असे वाटते तितकी लागत नाही. मुलुंड आणि बोरिवली यांचे सरळ रेषेतले अंतर बारा-तेरा किलोमीटर भरते, म्हणून मुलुंडवाल्याच्या पंधरा किलोमीटरच्या वर्तुळात बोरिवली आरामात बसते. मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे सुमारे १०० चौरस किलोमीटरचे जंगल आहे आणि वळसा घालून जाताना डब्यातली बासुंदी नासते. (जंगलातले बिबटे अजून ऑर्डर देत नाहीत.) उलट मुलुंडहून कल्याण वर्तुळाबाहेर पडते, पण जलद गाडीने जवळच वाटते. मुंबईकर अंतर मोजतो ते मध्य, पश्चिम आणि हार्बर या मार्गांवर, मिनिटांत आणि ‘गाडी बदलायची की नाही’ यावर.

म्हणून अनुभवी लोक वर्तुळ सोडून स्टेशनांची नावे धरतात: ठाणे, डोंबिवली, कल्याण अशी एका मार्गावरची ठिकाणे निवडून जाहिरात लावतात. मालही स्टेशनावरच पोचतो. ‘दादरला मधल्या पुलावर, सहा वाजता, निळी पिशवी’, ‘ठाण्याला तिकीटखिडकीपाशी’ असे निरोप घरगुती धंद्याच्या फोनमध्ये रोज सापडतील. कुरिअरचे पैसे वाचतात, माल उघडून पाहता येतो आणि पुढच्या वेळी चेहरा ओळखीचा होतो. गाडीच्या वेळेवरून नाव पडलेले बायकांच्या डब्याचे व्हॉट्सॲप गट गाडी लेट आहे का हे कळवण्यासाठी निघाले. त्यांत आता कुर्ती, कोकम आणि भिशी सगळे चालते. डब्यातला जुना बाजार फोनमध्ये शिरला तो त्याच माणसांसकट.

हंगाम

हा धंदा वर्षभर सारखा नसतो. संक्रांतीआधी हलव्याचे दागिने. काळ्या साडीवर पांढरा हलवा इतका खुलतो की तो फोटोसाठीच निघाला असावा, आणि बोरनहाणाच्या रील्सनी त्याची मागणी आणखी वाढवली. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, म्हणून त्याआधी सुकी मासळी. एरवी ससून डॉकवर पहाटे घेतलेल्या पापलेटाचा फोटो सात वाजेपर्यंत सोसायटीच्या गटात पोचलेला असतो. दिवाळीत फराळ.

आंब्याचे प्रकरण वेगळे आहे. महाराष्ट्राने २०१६ मध्ये फळे-भाजी बाजार समितीच्या बंधनातून मोकळी केली. त्याआधीही कोकणातला बागायतदार मुंबईतल्या भाच्याकडे चार पेट्या पाठवतच होता, पण आता भाचा तीनशे घरांच्या सोसायटीच्या गटात नोंदणी घेतो. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून गटात ‘देवगड की रत्नागिरी?’ याच्या जोडीला ‘प्रमाणपत्र आहे का?’ हेही विचारले जाते. लाकडी पेटी फ्लॅटमधल्या चौघांना जास्त होते, म्हणून एक-दोन डझनांचे पुठ्ठ्याचे खोके आले. या विक्रीत एकच परीक्षा असते. आंबा कापल्यावर आत साका (गरातला पांढरट, खराब भाग) निघाला की त्याचा फोटो गटात पडतो आणि तीनशे घरे तो बघतात. ‘दादा, हे बघा काय निघालं.’ त्यावर ‘वहिनी, संध्याकाळी दोन बदलून आणून देतो’ एवढे लिहिणाऱ्याचा पुढचा हंगाम पक्का. उष्णतेमुळे साका कसा धरतो यावर निबंध लिहिणाऱ्याची यादी पुढच्या वर्षी निम्मी होते.

उकडीच्या मोदकांना उलटी अडचण आहे. गणेशचतुर्थीला मागणी हवी तितकी असते, कमी पडतात ते हात. पारी आदल्या दिवशी करून चालत नाही, कळ्या यंत्राने तशा पडत नाहीत आणि सगळ्यांना नैवेद्य बाराच्या आत हवा. दोन बायका पहाटे तीनला बसल्या तरी ठरावीकच एकवीस-एकवीसचे डबे निघतात. अशा वेळी व्हायरल झालेली रील संकट ठरते. जास्तीच्या ऑर्डर घेऊन ऐनवेळी नाही म्हटले तर मोडलेला शब्द सणाशी जोडला जातो आणि विसरला जात नाही. म्हणून जाणत्या बायका आठवडाभर आधीच ‘बुकिंग बंद’ लावतात. रीच (पोस्ट किती जणांपर्यंत पोचली ते) वाढला म्हणजे धंदा वाढला हे शिकवणीवर्गांत सांगितले जाते. ते वर्ग घेणाऱ्यांना मोदक वळायचे नसतात.

भाड्याची जागा

जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने घरच्यांच्या आणि मित्रांच्या पोस्टना अग्रक्रम देण्याचे जाहीर केले आणि पाच-पाच हजार ‘लाइक’ जमवलेल्या पानांच्या पोस्ट मोजक्या लोकांना दिसू लागल्या. टिकटॉकवर नाव कमावलेल्यांचे खाते एका रात्रीत गेले. मुंबईकराला हे समजावायला वेळ लागत नाही. पागडीच्या खोलीत भाडेकरूला काही हक्क तरी असतो; इन्स्टाचे पान हे अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सपेक्षाही कच्चे आहे, कारण करार एकाच बाजूने बदलतो. ज्यांचे खाते एकदा तरी बंद पडले आहे ते गिऱ्हाइकांचे नंबर वहीत उतरवून ठेवतात.

एक गंमत इथेच नोंदवण्याजोगी. दुकानावर देवनागरी पाटी असावी म्हणून राज्याने २०२२ मध्ये कायदा दुरुस्त केला आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. रस्त्यावर पाट्या बदलल्या. त्याच दुकानांच्या इन्स्टा पानांची नावे बहुतेक रोमन लिपीतच राहिली, आणि रील मात्र मराठी, कारण ‘काकू’ म्हटल्याशिवाय काकू थांबत नाहीत.

बार्टर, कायदा आणि फसवणूक

फूड ब्लॉगरला फुकट जेवू घालून रील करून घेण्याला ‘बार्टर’ किंवा ‘कोलॅब’ म्हणतात. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या आणि मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय जाहिरात मानक परिषदेने जून २०२१ पासून अशा मजकुरावर जाहिरात असल्याचे ठळक लिहिणे आवश्यक ठरवले. पैसे न देता वस्तू किंवा जेवण दिले तरी ते यात येते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्याखाली १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. जुलै २०२२ पासून व्यवसायानिमित्त वर्षात २०,००० रुपयांवर दिलेल्या भेटवस्तूंवर दहा टक्के करकपातही लागू आहे, मात्र भेट देणारी व्यक्ती लहान उलाढालीची असेल तर तिला ही कपात करण्यातून सूट आहे. घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्यालाही अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. ती स्वस्त आहे, तरी राहून जाते.

फसवणुकीचे दोन प्रकार जुने झाले तरी चालूच आहेत. पहिला, पैसे भरल्याचा बनावट स्क्रीनशॉट पाठवून स्टेशनावर माल उचलून नेणे. दुसरा, ‘मी आर्मीतून बोलतोय, युनिटसाठी पन्नास डबे हवेत’ म्हणून मोठी ऑर्डर द्यायची आणि आगाऊ रक्कम पाठवतो सांगून क्यूआर कोड धाडायचा. तो स्कॅन करून पिन टाकला की पैसे येण्याऐवजी जातात. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. गेलेच तर १९३० या हेल्पलाइनवर जितक्या लवकर कळवावे तितकी ती रक्कम वाटेत गोठवली जाण्याची आशा. स्टेशनावर डबा हाती देणाऱ्या बायका म्हणून स्क्रीनशॉट पाहत नाहीत. बँकेचा मेसेज आल्याचा आवाज ऐकतात आणि मगच पिशवी सोडतात.