ओळखीपाळखीच्या आधी अडचण होती

आरोग्य तंत्रज्ञानातल्या व्यावसायिक गटांत आज लोक शिरतात ते बहुधा नोकरी, गुंतवणूकदार नाहीतर ग्राहक शोधायला. ही मंडळी पहिल्यांदा एकत्र आली ती मात्र दुसऱ्याच कारणाने. रुग्णालयात नोंदी, आखणी नाहीतर संगणक सांभाळणारा माणूस एकटा पडलेला असे. डॉक्टरांना त्याचं काम कारकुनी वाटे आणि कारकुनांना डॉक्टरी. शंका विचारायची तर दुसऱ्या रुग्णालयातल्या आपल्यासारख्याच कुणाला तरी.

संगणक यायच्या कितीतरी आधी, १९२८ मध्ये, रुग्णांच्या नोंदी सांभाळणाऱ्यांची उत्तर अमेरिकेतली संघटना स्थापन झाली. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या ग्रंथपाल ग्रेस व्हायटिंग मायर्स तिच्या पहिल्या अध्यक्ष. हीच संघटना आज ‘अहिमा’ म्हणून ओळखली जाते. १९६१ मध्ये रुग्णालयांच्या कामाची आखणी करणाऱ्या अभियंत्यांनी वेगळी संस्था काढली. तिच्या नावात ‘माहिती’ हा शब्द आला १९८६ मध्ये, आणि ‘हिम्स’ हे आजचं नाव तेव्हाचं. पाव शतक ज्या शब्दावाचून काही अडलं नव्हतं, तो आता नावातच घ्यावा लागला!

सगळ्यांत रंगतदार प्रकरण अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांचं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या काही प्रोग्रामरनी डॉक्टर-परिचारिकांच्या शेजारी बसून छोट्या संगणकांवर आज्ञावल्या लिहायला घेतल्या. भाषा होती ‘मम्प्स’, म्हणजे चक्क गालगुंड. मुख्यालयातल्या संगणक विभागाला हे मुळीच मान्य नव्हतं. त्याला सगळा कारभार एका जागेवरून चालवायचा होता. मग हे लोक एकमेकांना गुपचूप कोड पुरवू लागले. स्वतःला ते ‘हार्डहॅट्स’ म्हणत, आणि आपल्या जाळ्याला गुलामांच्या सुटकेच्या गुप्त वाटांवरून ‘अंडरग्राउंड रेलरोड’. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला वरूनच मान्यता मिळाली आणि पुढे त्यातूनच ‘व्हिस्टा’ ही नोंदप्रणाली उभी राहिली. व्यावसायिक संपर्कजाळं म्हणावं तर याला.

दुसरी अडचण यंत्रांचीच होती. प्रयोगशाळेचा संगणक एका कंपनीचा, औषधालयाचा दुसरीचा, बिलाचा तिसरीचा, आणि कुणाचं कुणाला कळत नाही. अशा दहा प्रणाली प्रत्येकीशी जोडायच्या तर पंचेचाळीस जोडण्या लागतात, आणि त्यातली प्रत्येक वेगळी लिहावी लागे. १९८७ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात काही जण यावर तोडगा काढायला जमले आणि ‘एचएल-७’ सुरू झालं, म्हणजे या प्रणालींनी एकमेकींना माहिती कशी द्यायची याचं सामाईक मानक. त्यातला सात हा आकडा संगणकांमधल्या संवादाच्या ठरीव प्रारूपातल्या सातव्या, सर्वांत वरच्या थराचा. स्पर्धक कंपन्यांची माणसं इथे एका टेबलाशी बसली, कारण एकट्याने मानक ठरवून उपयोग नव्हता. १९९८ मध्ये क्ष-किरणतज्ज्ञांची संघटना आणि हिम्स यांनी मिळून वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी जुळावीत म्हणून ‘आयएचई’ हा उपक्रम सुरू केला. त्याच्या ‘कनेक्टॅथॉन’मध्ये एरवी एकमेकांच्या निविदा पाडणाऱ्यांचे अभियंते शेजारी-शेजारी बसून आपापली यंत्रं जोडून पाहतात.

जागतिक पातळीवर वैद्यकातल्या संगणकवापराच्या अभ्यासकांची फळी समांतर चालली होती. ‘मेडइन्फो’ ही त्यांची पहिली परिषद १९७४ मध्ये स्टॉकहोमला भरली.

पैसा आला आणि रंग बदलला. २००९ च्या अमेरिकी कायद्याने इलेक्ट्रॉनिक नोंदी वापरणाऱ्या डॉक्टर-रुग्णालयांना अब्जावधी डॉलरचं प्रोत्साहन दिलं. पुढच्या दशकात हिम्सच्या वार्षिक मेळाव्याला चाळीस हजारांवर माणसं येऊ लागली. चर्चासत्रांपेक्षा कंपन्यांच्या विक्री-दालनांची गर्दी मोठी. मार्च २०२० मध्ये ऑर्लँडोचा मेळावा कोविडमुळे ऐन वेळी रद्द झाला आणि २०२३ मध्ये प्रदर्शनाची सूत्रं इन्फॉर्मा या मेळावे भरवणाऱ्या कंपनीकडे गेली.

एचएल-७ च्या ‘फायर’ या नव्या मानकावर काम करणारे मात्र दालनाबिलनाच्या भानगडीत न पडता झुलिप या गप्पांच्या प्रणालीवर भेटतात. कुणीतरी विचारतं, जन्मतारखेत नुसतं वर्षच आलं तर काय करायचं? उत्तर देणारा बहुतेक वेळा दुसऱ्याच कंपनीचा असतो.