लिनक्स बसवताना रेड संच न दिसणे

लिनक्स बसवताना रेड संच न दिसणे : संगणकावर लिनक्स बसवताना इन्स्टॉलरला डिस्कांचा रेड संच मुळीच न सापडणे, एका संचाऐवजी सुट्या डिस्क दिसणे, किंवा सगळे नीट बसूनही पहिल्या रीबूटनंतर यंत्र सुरू न होणे, या तिन्ही अडचणी या नावाखाली येतात. तिन्हींची कारणे वेगळी असली तरी तपास एकाच प्रश्नापासून सुरू होतो : डिस्कांचा संच बांधतो कोण? रेड कार्ड, मदरबोर्डचे फर्मवेअर (चिपमध्ये साठवलेली मूळ आज्ञावली) की लिनक्सचे कर्नल (त्याचा गाभा)? याचे उत्तर हाती येण्याआधी डिस्कवर काहीही लिहिले, तर जुना डेटा कायमचा जाऊ शकतो.

अनेक डिस्क एकत्र बांधून त्यांची एक मोठी, वेगवान किंवा बिघाड सोसणारी डिस्क करण्याच्या कल्पनेला रेड (RAID) हे नाव बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांच्या १९८८ मधील शोधनिबंधामुळे मिळाले. नावातल्या ‘आय’ या अक्षराचा अर्थ तेव्हा ‘स्वस्त’ असा होता. पुढे उद्योगाने तो ‘स्वतंत्र’ असा केला. रेड ० मध्ये डेटा डिस्कांवर वाटला जातो आणि वेग वाढतो, पण एक डिस्क गेली की सगळेच जाते. रेड १ मध्ये तोच डेटा दोन्ही डिस्कांवर असतो; यालाच आरसा म्हणतात. रेड ५ एका डिस्कचा आणि रेड ६ दोन डिस्कांचा बिघाड सोसतो. रेड १० म्हणजे आरशांच्या जोड्यांवर केलेली वाटणी.

संच बांधणारे तिघे : खऱ्या हार्डवेअर रेडमध्ये कार्डावरचा प्रोसेसर संच सांभाळतो आणि लिनक्सला फक्त एक तयार डिस्क दाखवतो. लिनक्सला लागतो तो त्या कार्डाचा ड्रायव्हर, उदाहरणार्थ मेगारेड कार्डांसाठी मेगारेड-सॅस किंवा एचपीच्या स्मार्ट अ‍ॅरे कार्डांसाठी एचपीएसए. सॉफ्टवेअर रेडमध्ये कर्नलमधला ‘एमडी’ हा भाग संच चालवतो. त्याचा कारभार एमडीएडीएम या साधनातून होतो, जे नील ब्राउन यांनी २००१ मध्ये लिहायला घेतले. त्याआधी रेडटूल्स हा साधनांचा संच आणि रेडटॅब ही फाइल वापरत असत.

गोंधळाचे मूळ तिसऱ्या प्रकारात आहे. मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये ‘रेड’ निवडता येते, तिथे संचाचे नावही देता येते, पण चिपमध्ये संच चालवणारा प्रोसेसर नसतो. फर्मवेअर प्रत्येक डिस्कच्या शेवटी संचाची नोंद लिहून ठेवते, आणि पुढचे सगळे काम ऑपरेटिंग सिस्टीमच्या ड्रायव्हरने करायचे असते. जाणकार याला ‘फेक रेड’ म्हणतात. शब्द कडवट असला तरी अन्यायाचा नाही, कारण विकत घेणाऱ्याला हे हार्डवेअर रेडच वाटते आणि सेटिंगच्या पडद्यावर त्याचा गैरसमज दूर करणारी एक ओळही नसते.

फेक रेडवर लिनक्सने आधी डीएमरेड हे साधन काढले. रेड हॅटमधील हाइन्झ माउएल्सहागेन यांनी लिहिलेले हे साधन इंटेल, एनव्हिडिया, प्रॉमिस, सिलिकॉन इमेज, व्हिया अशा अनेक कंपन्यांच्या नोंदी वाचते आणि डिव्हाइस मॅपर या कर्नलच्या भागामार्फत संच उभा करते. अशा संचांची नावे ‘आयएसडब्ल्यू’, ‘एनव्हिडिया’, ‘पीडीसी’ अशा आद्याक्षरांनी सुरू होतात. पुढे इंटेलच्या नोंदी आणि डीडीएफ हे रेड नोंदींचे सामाईक प्रमाण खुद्द एमडीएडीएमच्या तिसऱ्या मालिकेत आले. तेव्हापासून इंटेलचा संच दोन उपकरणांच्या रूपात दिसतो : एमडी१२७ हा नुसता डबा आणि एमडी१२६ हा त्यातला खरा भाग. नवख्याला डबाच डिस्क वाटते आणि त्याचा आकार शून्य का दिसतो हे कळत नाही. बसवायचे असते ते एमडी१२६ वर. डब्याच्या नोंदी ताज्या ठेवण्यासाठी एमडीमॉन हा छोटा कार्यक्रम मागे सतत चालू राहावा लागतो. एएमडीच्या रेडएक्स्पर्ट या फेक रेडची गोष्ट वेगळी आहे. त्याचा ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये नाही, कंपनीचा वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो लिनक्सच्या ठरावीक वितरणांच्या ठरावीक कर्नलपुरताच चालतो. अशा यंत्रावर सेटिंग एएचसीआयवर (रेडविना डिस्क थेट दाखवणाऱ्या पद्धतीवर) नेऊन एमडीचा संच करणे हाच शहाणपणाचा मार्ग.

सुट्या डिस्क दिसणे : फेक रेडमधला सर्वांत धोक्याचा क्षण हा आहे, आणि तो धोक्याचा वाटतच नाही. सेटिंगमध्ये ‘रेड’ निवडले असले तरी लिनक्सचा एएचसीआय ड्रायव्हर साटा (नेहमीच्या केबलने जोडलेल्या) डिस्क सहज चालवतो. त्यामुळे एक टेराबाइटचा एक आरसा दिसायच्या जागी इन्स्टॉलर एक-एक टेराबाइटच्या दोन डिस्क दाखवतो. माणूस त्यातली पहिली निवडतो, सगळे सुरळीत बसते. आता फर्मवेअरच्या हिशेबी आरसा अजून शाबूत आहे, पण दोन्ही बाजूंचा मजकूर वेगळा झाला आहे. पुढे कधी फर्मवेअरने किंवा विंडोजच्या ड्रायव्हरने आरसा जुळवायला घेतला, तर एका बाजूचा मजकूर दुसऱ्यावर उतरतो आणि कोणती बाजू टिकेल हे आपल्या हातात नसते. म्हणून अपेक्षेपेक्षा जास्त डिस्क दिसल्या तर पुढचे बटण दाबू नये.

डिस्क मुळीच न दिसणे : लॅपटॉपवर याचे नेहमीचे कारण इंटेलचे रॅपिड स्टोरेज तंत्र असते. काही पिढ्यांमध्ये ‘रेड’ सेटिंग एनव्हीएमई (वेगवान एसएसडी प्रकारच्या) डिस्कला साटा कंट्रोलरच्या पाठीमागे लपवते. लिनक्सला तिथे पोहोचता येत नाही, पण कर्नल प्रामाणिकपणे सांगते. डीमेसेज या कर्नलच्या संदेशांच्या यादीत इतक्या एनव्हीएमई डिस्क वळवलेल्या आढळल्या, सेटिंग रेडवरून एएचसीआयवर न्या, अशा अर्थाची ओळ येते. २०१६ मध्ये लेनोव्होच्या योगा ९०० मालिकेतील एका लॅपटॉपवर हे सेटिंग बदलण्याची सोयच नव्हती. त्यावर बरीच ओरड झाली आणि कंपनीने लिनक्ससाठी वेगळे फर्मवेअर दिले. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक यंत्रांवर व्हीएमडी नावाचा थर चालू असतो. त्यासाठी कर्नलमध्ये व्हीएमडी ड्रायव्हर आहे, मात्र तो इनिटरॅमएफएसमध्येही (बूटच्या सुरुवातीला मेमरीत येणाऱ्या छोट्या प्रतिमेतही) असावा लागतो. नाहीतर इन्स्टॉल करताना दिसलेली डिस्क रीबूटनंतर हरवते. उबुंटूचा इन्स्टॉलर रॅपिड स्टोरेज आढळल्यास मध्येच थांबतो आणि ते बंद करायला सांगतो.

विंडोज सोबत ठेवायचे असेल तर नुसते सेटिंग बदलून भागत नाही. विंडोजला आपली डिस्क सापडत नाही आणि ते निळा पडदा दाखवून थांबते. यावर रुळलेला उपाय आहे : विंडोजमध्येच बीसीडीएडिट ही आज्ञा वापरून पुढचे बूट सेफ मोडमध्ये व्हावे असे सांगायचे, फर्मवेअरमध्ये जाऊन एएचसीआय निवडायचे, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये सुरू झाले की ते एएचसीआयचा ड्रायव्हर उचलते, मग सेफ मोडची खूण काढून टाकायची. बिटलॉकर (विंडोजचे डिस्क-कूटलेखन) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्यावी, कारण सेटिंग बदलताच ती विचारली जाऊ शकते. यंत्रावर खरोखरच अनेक डिस्कांचा फेक रेड संच असेल आणि त्यात विंडोज असेल, तर हा उपाय करू नये. तो एकाच डिस्कच्या यंत्रासाठी आहे.

सर्व्हरवर कारणे वेगळी. कार्डाला डिस्क जोडल्या, पण कार्डाच्या स्वतःच्या मेनूत व्हर्च्युअल डिस्क केलीच नाही, तर लिनक्सला दिसण्यासारखे काही नसते. दुसऱ्या सर्व्हरमधून काढून आणलेल्या डिस्क कार्ड ‘फॉरिन’ म्हणून बाजूला ठेवते; त्या इम्पोर्ट कराव्या लागतात, आणि तिथे चुकून ‘क्लिअर’ निवडले तर संचाची नोंद पुसली जाते. आणखी एक कारण वितरणाच्या धोरणात आहे. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ मध्ये २०१९ साली जुन्या कार्डांचा आधार काढला गेला. एलएसआयच्या सॅस २००८ चिपवर बांधलेली कितीतरी कार्डे त्यात गेली. कार्ड धडधाकट, ड्रायव्हरचे नावही तेच, पण ड्रायव्हरमधल्या यादीतून त्या चिपचा क्रमांक वगळलेला. मग ईएलरेपो या प्रकल्पाने तयार केलेली ड्रायव्हर डिस्क इन्स्टॉलरला ‘आयएनएसटी डॉट डीडी’ या बूट पर्यायाने द्यावी लागते. जुने हार्डवेअर वर्षानुवर्षे वापरणाऱ्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांना आणि छोट्या कार्यालयांना याचा सर्वाधिक फटका बसतो, आणि हा निर्णय मला आजही कठोर वाटतो. ड्रायव्हर डिस्कवरून आलेला ड्रायव्हर पुढच्या कर्नल अपडेटनंतरही लागू राहील ना, हे अपडेटच्या आधी पाहावे.

तपास कसा करावा : इन्स्टॉलर चालू असतानाच कंट्रोल, ऑल्ट आणि एफ२ दाबून किंवा लाइव्ह माध्यमातून टर्मिनल उघडावे. एलएसपीसीआय ही आज्ञा एनएनके या पर्यायांसह दिली की प्रत्येक कंट्रोलरचा क्रमांक आणि त्याला धरलेला ड्रायव्हर दिसतो. कंट्रोलर यादीत आहे पण ड्रायव्हरची ओळ नाही, तर दोष ड्रायव्हरचा. कंट्रोलरच यादीत नाही, तर केबल, स्लॉट किंवा फर्मवेअर तपासावे. ड्रायव्हर आहे पण डिस्क नाही, तर डीमेसेज वाचावा. डिस्क आहेत पण संच नाही, तर ब्लकआयडी ही आज्ञा त्यांवरची खूण सांगते : लिनक्सचा सदस्य, इंटेलचा सदस्य की डीडीएफचा. इंटेलच्या बोर्डवर एमडीएडीएमला ‘डिटेल-प्लॅटफॉर्म’ विचारले की फर्मवेअर रेड चालू आहे का ते कळते. एमडीस्टॅट या संचांची स्थिती सांगणाऱ्या फाइलमध्ये संच ‘इनॅक्टिव्ह’ दिसला तर तो थांबवून ‘असेंबल’ करावा. ‘क्रिएट’ कधीही करू नये. ‘असेंबल’ जुनी नोंद वाचून संच जोडते, ‘क्रिएट’ नवी नोंद लिहिते. डिस्कांचा क्रम किंवा चंकचा (एका वेळी एका डिस्कवर जाणाऱ्या तुकड्याचा) आकार एवढासा चुकला तरी फाइल प्रणाली हाती लागत नाही.

जुन्या नोंदींचे भूत : एखादी डिस्क कधीकाळी फेक रेडमध्ये होती, मग काढून दुसऱ्या यंत्रात लावली, फॉरमॅटही केली. तरी इन्स्टॉलर ती दाखवत नाही. इंटेलची नोंद डिस्कच्या शेवटी असते आणि साधे फॉरमॅट तिथपर्यंत पोहोचत नाही. इन्स्टॉलर तिला संचाचा तुटका तुकडा समजून बाजूला ठेवतो. वाइपएफएस ही आज्ञा नुसती चालवली की डिस्कवरच्या सगळ्या खुणा दिसतात. डेटा नको आहे याची खात्री झाल्यावर ‘ए’ पर्यायाने त्या पुसता येतात. एमडीची खूण ‘झिरो-सुपरब्लॉक’ने जाते, डीएमरेडची त्याच्या स्वतःच्या पुसण्याच्या पर्यायाने. पुसायचे नसेल तर अनेक इन्स्टॉलरांना ‘नोडीएमरेड’ हा बूट पर्याय देऊन वेळ मारून नेता येते.

बसले पण सुरू होत नाही : एमडीची नोंद चार ठिकाणांपैकी एका ठिकाणी असते. ०.९० आणि १.० डिस्कच्या शेवटी, १.१ अगदी सुरुवातीला, १.२ सुरुवातीपासून ४ किलोबाइटवर. आज एमडीएडीएम न सांगता १.२ वापरते. लिनक्स सुरू करून देणाऱ्या जुन्या ग्रब या बूटलोडरला ती वाचता येत नसे. ग्रब २ वाचतो. यूईएफआय या नव्या प्रकारच्या फर्मवेअरमध्ये मात्र अडचण मुळातच आहे. फर्मवेअरला फक्त फॅट विभाजन कळते, एमडी कळत नाही. म्हणून काही जण ईएसपी या बूटच्या फाइलींच्या विभाजनाचा रेड १ हा १.० नोंदीने करतात : नोंद शेवटी असल्याने फर्मवेअरला प्रत्येक डिस्कवर साधे फॅट दिसते. युक्ती चालते, पण फर्मवेअरने एका डिस्कवर स्वतः काही लिहिले तर दोन्ही बाजूंचा मजकूर वेगळा होतो आणि एमडीला पत्ता लागत नाही. दोन स्वतंत्र ईएसपी ठेवून दुसऱ्यावर नक्कल करत राहणे मला अधिक सुरक्षित वाटते. जुन्या बायोसवर जीपीटी प्रकारचा विभाजन-तक्ता असेल तर ग्रबसाठी सुमारे १ मेगाबाइटचे बायोस-बूट विभाजन लागते, आणि ग्रब दोन्ही डिस्कांवर बसवावा लागतो. ते विसरले तर आरसा असूनही पहिली डिस्क गेल्यावर यंत्र उठत नाही.

रीबूटनंतर ‘इनिटरॅमएफएस’ किंवा ड्रॅकटचा (अशी प्रतिमा बनवणाऱ्या दुसऱ्या साधनाचा) आपत्कालीन प्रॉम्प्ट आला, तर संच बांधण्याचे साधन किंवा संचाची ओळख प्रारंभीच्या प्रतिमेत गेलेली नाही. डेबियनमध्ये एमडीएडीएमच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘स्कॅन’चे उत्तर भरून इनिटरॅमएफएस नव्याने बनवावे; ड्रॅकट वापरणाऱ्या वितरणांत संचाचा यूयूआयडी (एकमेव ओळख क्रमांक) बूट ओळीत द्यावा आणि प्रतिमा नव्याने बनवावी. संचाची ओळख फाइलमध्ये नसली की एमडी० ऐवजी एमडी१२७ असे नाव येते, म्हणून बूट होताना जोडायच्या विभाजनांची यादी असलेल्या एफएसटॅब फाइलमध्ये नावाऐवजी यूयूआयडी असावा.

डेबियनचा इन्स्टॉलर चित्रमय रूपात मराठीतही चालतो, पण वर सांगितलेली कर्नलची प्रत्येक ओळ इंग्रजीतच येते; मदत मागताना ती भाषांतर न करता जशीच्या तशी द्यावी.

संच नव्याने केला की एमडी मागे दोन्ही डिस्क जुळवत राहते. त्या काळात इन्स्टॉल करता येते, फक्त वेग कमी वाटतो. जुळवणी संपल्याचे एमडीस्टॅटमध्ये दिसल्यावर यंत्र बंद करून एक डिस्क काढावी, सुरू करून पाहावे, ती परत जोडून रीबिल्ड पूर्ण होऊ द्यावा आणि मग दुसरी काढून तेच करावे. खरा डेटा टाकण्याआधी या कामाला जेमतेम एक दुपार लागते.