सरहिंद: पंजाबातलं पुसून टाकलेलं शहर

पंजाब म्हटलं की मराठी माणसाचं मन थेट अटकेपार पोचतं. एप्रिल १७५८मध्ये रघुनाथरावांच्या फौजा लाहोरात शिरल्या, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. त्याच्या आदल्याच महिन्यात त्यांनी सरहिंद जिंकलं होतं, ते मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. सरहिंद हाती आल्याशिवाय लाहोरकडे सरकणं त्या काळी कुठल्याही सेनापतीला परवडणारं नव्हतं.

नकाशा समोर घेतला की याचं कारण कळतं. अंबाला आणि लुधियाना यांच्या दरम्यान, दिल्ली-लाहोर हमरस्त्यावर हे गाव आहे. ईशान्येला शिवालिकच्या टेकड्या, नैर्ऋत्येला राजस्थानच्या वाळूकडे उतरत जाणारा कोरडा मुलूख, आणि मधल्या सुपीक सपाटीतून ये-जा करणारे व्यापारी, यात्रेकरू आणि लष्करं. सतलज मागे टाकली की यमुनेपर्यंत खरी अडवणारी नदीच नाही. घग्गर आहे, पण ती पावसाच्या भरवशावर. बाकी शिवालिकातून उतरणारे पावसाळी ओढे, ज्यांना तिथे ‘चो’ म्हणतात. नदी आडवी नाही म्हटल्यावर वाट राखायला तटबंदीचं शहरच लागणार.

चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने या ठाण्याचं महत्त्व वाढवलं. इथला सुभेदार बहलोल लोदी १४५१ साली दिल्लीच्या तख्तावर बसला. १५५५मध्ये हुमायूनने सिकंदर सूरला हरवून गेलेलं राज्य परत मिळवलं, ती निर्णायक लढाईही सरहिंदचीच. मुघल काळात तर शहराचं सोनं झालं. लाहोर-काश्मीरकडे जाणारे बादशहा ज्या बागेत मुक्काम करत, त्या आम खास बागेतले महाल, हमाम आणि पाण्याचे हौद पडक्या अवस्थेत का होईना, आजही पाहता येतात. नक्षबंदी परंपरेतले मोठे सूफी शेख अहमद सरहिंदी (१५६४-१६२४) इथलेच. त्यांच्या रोझ्यावर, म्हणजे कबरीवर, आजही दूरदूरच्या देशांतून लोक येतात.

एवढं सगळं असून सरहिंदचं नाव पंजाबात कायमचं जोडलं गेलं ते एका भिंतीशी. डिसेंबर १७०४मध्ये (काही अभ्यासक १७०५ मानतात) आनंदपूर सोडताना गुरू गोविंदसिंगांच्या कुटुंबाची ताटातूट झाली. त्यांची आई माता गुजरी आणि दोन धाकटे मुलगे, जोरावरसिंग आणि फतेहसिंग, सरहिंदचा फौजदार वजीर खान याच्या हाती लागले. ऐन पौषातल्या थंडीत त्यांना उघड्या वाऱ्याच्या ‘ठंडा बुर्जा’त डांबलं. धर्म सोडायला नकार दिला म्हणून या मुलांना भिंतीत चिणून मारलं. थोरल्याचं वय जेमतेम नऊ. मालेरकोटल्याचा नवाब शेर मोहम्मद खान याने या शिक्षेला भर दरबारात विरोध केला होता, आणि शिखांनी त्याचं हे ऋण पिढ्यान्‌पिढ्या मानलं. अंत्यसंस्कारासाठी दिवाण टोडरमलाने (अकबराचा तो हा नव्हे) जमिनीवर सोन्याच्या मोहरा उभ्या रचून जागा विकत घेतली, असं परंपरा सांगते.

पुढचा धागा थेट नांदेडात येतो. १७०८मध्ये गोदाकाठी गुरूंना माधोदास नावाचा बैरागी भेटला. तोच बंदासिंग बहादूर. वजीर खानाने धाडल्याचं सांगितलं जातं त्या मारेकऱ्यांनी गुरूंवर वार केले तेही नांदेडातच. बंदासिंग नांदेडहून उत्तरेला निघाला आणि मे १७१०मध्ये चप्पडचिडीच्या मैदानावर वजीर खानाला मारून त्याने सरहिंद घेतलं. आजची नांदेड-अमृतसर सचखंड एक्स्प्रेस ज्या लोहमार्गाने अंबाल्याहून लुधियान्याला जाते, त्याच मार्गावर सरहिंद जंक्शन आहे.

शीख सत्ता तेव्हा टिकली नाही. मुघल परतले, मग १७४८पासून अब्दालीच्या स्वाऱ्या सुरू झाल्या. मार्च १७५८मध्ये मराठे, शीख आणि पंजाबातला मुघल सरदार अदिना बेग यांनी मिळून अब्दालीचा इथला फौजदार अब्दुस्समद खान याला पकडलं आणि शहर लुटलं गेलं. हा अब्दुस्समद पुढे सुटला. पानिपताच्या आधी ऑक्टोबर १७६०मध्ये कुंजपुऱ्याला जे सरदार मराठ्यांच्या हातून मारले गेले, त्यांत तो होता. कुंजपुरा आपल्याला पाठ असतं, पण त्या माणसाशी मराठ्यांचा हिशेब सरहिंदपासून चालू होता.

पानिपतानंतर अब्दालीने झैन खानाला सरहिंदवर बसवलं. जानेवारी १७६४मध्ये शिखांनी त्यालाही लढाईत मारलं आणि या वेळी शहर नुसतं जिंकलं नाही, जमीनदोस्त केलं. प्रदेश पुढे पतियाळा घराण्याकडे गेला. जाता-येता इथली एखादी वीट उचलून सतलजेत किंवा यमुनेत टाकायची, अशी रीत भाविक शिखांमध्ये त्यानंतरही कितीतरी काळ होती. एखादं शहर उजाड होण्याची नेहमीची कारणं म्हणजे नदीने पात्र बदलणं, व्यापार आटणं, राजधानी हलणं. सरहिंदच्या बाबतीत यातलं काहीच घडलं नव्हतं. रस्ता होता तिथेच होता, जमीनही तशीच सुपीक होती. ते बुडालं ते केवळ दोन मुलांच्या मृत्यूमुळे, आणि लोकांनी ठरवून बुडवलं म्हणून. इतक्या मोठ्या शहराच्या बाबतीत असं क्वचितच घडलं असेल.

मुलांना चिणलं ती जागा आता गुरुद्वारा फतेहगढ साहिबमध्ये आहे. तळघरासारख्या ‘भोरा साहिब’मध्ये जुन्या भिंतीचा अवशेष जपून ठेवला आहे. डिसेंबरच्या अखेरीस तीन दिवस शहीदी सभा भरते आणि लाखोंची रीघ लागते. त्या दिवसांत पंजाबातली अनेक घरं लग्नकार्य काढत नाहीत, काही जण खाटेऐवजी जमिनीवर झोपतात.

जिल्ह्याला १९९२मध्ये नाव मिळालं तेही फतेहगढ साहिब. सरहिंद हे नाव उरलं रेल्वे स्थानकाला, जुन्या वस्तीला आणि रोपडला सतलजेतून काढलेल्या १८८२च्या मोठ्या कालव्याला. जी. टी. रोडवरच्या या गावात आज ट्रकांच्या बॉडी बांधण्याचा धंदा जोरात चालतो.