जुन्या गेममधला ‘साउंड’ आणि ‘म्युझिक’: एक वाजतं, दुसरं का नाही?

परवा भाच्याच्या लिनक्स लॅपटॉपवर डॉसबॉक्समध्ये (विंडोजच्या आधीच्या डॉस प्रणालीची आणि तिच्या कार्डांची नक्कल करणारा प्रोग्राम) डूम हा बंदुकबाजीचा गेम लावून दिला. १९९३ चा गेम, त्याच्या वयाच्या दुप्पट जुना. बंदूक धडाडली, दार घरघरत वर गेलं, पण मागचं संगीत मात्र गप्प. “मामा, साउंड गंडलाय,” तो म्हणाला. “साउंड की म्युझिक?” मी विचारलं. त्याला प्रश्नच कळला नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. आजच्या गेममध्ये दोन्ही एकाच वाटेनं स्पीकरपर्यंत येतात. डॉसच्या काळात त्या दोन वेगळ्या वाटा होत्या. म्हणून तर डूमचा सेटअप प्रोग्राम दोन वेगळे प्रश्न विचारतो: संगीतासाठी कोणतं साउंड कार्ड (कॉम्प्युटरमधला आवाज काढणारा भाग) आणि साउंड इफेक्टसाठी कोणतं.

बंदुकीचा आवाज हे ध्वनिमुद्रण आहे. डूममधले बहुतेक आवाज सेकंदाला ११,०२५ नोंदी या हिशोबानं साठवलेत, प्रत्येक नोंद एक बाइटची. म्हणजे मिनिटभराच्या आवाजाला साडेसहा लाखांहून जास्त बाइट लागतात. १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर असा आवाज जेमतेम सव्वादोन मिनिटं मावेल. दारासाठी, किंकाळीसाठी हे परवडतं. तासभर चालणाऱ्या संगीताला परवडणं शक्यच नव्हतं.

म्हणून संगीत मुद्रित केलेलं नसायचंच. फाइलमध्ये फक्त स्वरलिपी असायची: अमुक क्षणी अमुक वाद्यावर अमुक स्वर, इतक्या जोरात. वाजवायचं काम दुसऱ्याचं. समोर पेटीवाला बसला असेल तर पेटीवर वाजेल, सनईवाला असेल तर सनईवर. कोणीच नसेल तर कागद नुसता पडून राहील.

१९८७ च्या ॲडलिब कार्डावर हा वाजवणारा म्हणजे यामाहाची ओपीएल-२ चिप होती. एका वेळी नऊ आवाज, सगळे एफएम पद्धतीनं (एका लहरीनं दुसरीला हलवून) जागच्या जागी तयार केलेले. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्हनं साउंड ब्लास्टर आणलं. त्यात तीच चिप होती, शिवाय मुद्रित आवाज वाजवणारा वेगळा भाग. माझ्या मते सगळा घोळ इथूनच सुरू झाला. कार्ड एक, नाव एक, पण आत दोन स्वतंत्र यंत्रणा.

त्यांच्या गरजाही वेगळ्या. एफएम चिपला गेम ३८८ या पोर्टवर (कार्डाशी बोलायच्या पत्त्यावर) थेट आकडे लिहितो, बस. मुद्रित आवाजाचं तसं नाही. कार्ड तो डीएमए वाहिनीनं, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता, थेट मेमरीतून ओढून घेतं आणि एक तुकडा संपला की आयआरक्यूची, म्हणजे प्रोसेसरचं लक्ष वेधणाऱ्या इशाऱ्याची, घंटा वाजवून पुढचा मागतं. गेम ५ नंबरच्या घंटेची वाट पाहतोय आणि कार्ड ७ नंबरची वाजवतंय, असं झालं की पहिला तुकडा वाजून शांतता पसरते, किंवा तोच तुकडा अडकल्यासारखा फिरत राहतो. संगीत मात्र खुशाल चालू! म्हणून ‘म्युझिक येतंय, म्हणजे साउंड ब्लास्टरचं सेटिंग बरोबर आहे’ हा निष्कर्ष काढू नका. डॉसबॉक्समध्ये मुळात साउंड ब्लास्टरचा पत्ता २२०, आयआरक्यू ७, डीएमए १ असतो. अनेक गेम मात्र आयआरक्यू ५ धरून चालतात. सेटअपमध्ये जाऊन ७ करा, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.

डॉसबॉक्स लागतोच कशाला? डॉसचे गेम कार्डाशी थेट बोलायचे आणि एनटी घराण्यातलं विंडोज (एक्सपी आणि त्यापुढचं सगळं त्यातच येतं) कोणाला तसं बोलू देत नाही. एक्सपीनं साउंड ब्लास्टरची कामचलाऊ नक्कल दिली होती. ६४ बिट विंडोजवर तर १६ बिटचे प्रोग्राम सुरूच होत नाहीत.

आता भाच्याचा प्रश्न. इफेक्ट येत होते, म्हणजे घंटा बरोबर होती. सेटअपमध्ये संगीतापुढे जनरल मिडी (वाद्ययंत्रांना स्वरलिपी पाठवायची ठरलेली पद्धत) निवडलेलं निघालं. १९९१ च्या या मानकात १२८ वाद्यांचे क्रमांक ठरलेले आहेत. गेम ३३० पोर्टवर स्वरलिपी पाठवत होता, पण पलीकडे वाजवणारा कोणी नव्हता. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टचा साधा सिंथ (स्वरलिपी वाजवणारा प्रोग्राम) आधीपासून असतो, मॅकवरही सोय असते. लिनक्सवर फ्लुइडसिंथ हा तसाच प्रोग्राम आणि वाद्यांच्या नमुन्यांची साउंडफाँट फाइल आपणच बसवावी लागते. घाई असेल तर संगीतापुढे साउंड ब्लास्टर निवडा, एफएमवर लगेच वाजेल. आम्ही साउंडफाँट बसवली. डूमच्या गिटारला एफएम न्याय देत नाही, असं मला मनापासून वाटतं.

संगीत येतंय पण ढोलाच्या जागी भलतंच काही ऐकू येतंय, असंही होतं. तेव्हा रोलँड कंपनीच्या १९८७ च्या एमटी-३२ या संगीतयंत्रासाठी लिहिलेली स्वरलिपी जनरल मिडीवर वाजत असते. दोघांचे वाद्यक्रमांक जुळत नाहीत. १९८८ च्या किंग्ज क्वेस्ट ४ पासून पुढच्या बऱ्याच साहसी गेमचं संगीत एमटी-३२ वर खुलतं. त्यासाठी मंट नावाचा एम्युलेटर (यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम) आहे, पण त्याला मूळ यंत्रातला रॉम, म्हणजे त्याच्या चिपमधली माहिती, लागतो.

सीडीवरच्या गेमचं आणखी निराळं. १९९६ च्या क्वेकचं संगीत खरोखर मुद्रित आहे, पण सीडीवरच्या ऑडिओ ट्रॅकमध्ये. नुसतं फोल्डर कॉपी केलं की ते मागेच राहतं. आयएसओ फाइलमध्येही (सीडीवरच्या डेटाची एका फाइलमधली प्रत) ऑडिओ ट्रॅक येत नाहीत. सीडीची प्रत क्यू (ट्रॅकची यादी) आणि बिन (प्रत्यक्ष मजकूर) या फाइलींच्या जोडीत काढा आणि डॉसबॉक्सला त्यातली क्यू फाइल दाखवा.