टपाल आणि दूरसंचार सेवांमधले ग्राहक हक्क (भारत)

पार्सल, स्पीड पोस्ट, मोबाइल, ब्रॉडबँड यासाठी जो पैसे भरतो तो ग्राहक, आणि सेवा नीट मिळाली नाही तर त्याला तक्रार करायचा आणि भरपाई मागायचा हक्क आहे. एवढी साधी गोष्ट, पण आपल्याकडे ती कायद्याने मान्य व्हायला फार वर्षं गेली, आणि टपालाच्या बाबतीत तर अजूनही अर्धवटच मान्य झालीय.

याचं मूळ जुन्या कायद्यांत आहे. टेलिग्राफ कायदा १८८५ चा, पोस्ट ऑफिस कायदा १८९८ चा, दोन्ही इंग्रजांनी स्वतःची खाती सांभाळायला केलेले. पोस्टाच्या कायद्यातलं कलम ६ म्हणायचं की टपाल हरवलं, उशिरा पोचलं, चुकीच्या पत्त्यावर गेलं किंवा खराब झालं तरी सरकार जबाबदार नाही, आणि कर्मचाऱ्याला धरायचं तर त्याने फसवणुकीने किंवा मुद्दाम केलं हे दाखवावं लागायचं, जे सामान्य माणसाला जवळपास अशक्यच. १९८० मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की पोस्ट ही सार्वजनिक सेवेची शाखा आहे, साधा माल वाहतूकदार नाही आणि पाठवणाऱ्याचा एजंटही नाही. मग २०२३ चा नवीन पोस्ट ऑफिस कायदा आला, १८ जून २०२४ पासून लागू झाला, पण त्याच्या कलम १० मध्ये सूर तोच आहे, नियमांत जेवढी जबाबदारी लिहिली असेल तेवढीच पोस्टाची. १२५ वर्षांनी कायदा नव्याने लिहायला घेतला तेव्हा हे बदलायला हवं होतं.

त्यामुळे पोस्टात प्रत्यक्षात काय मिळतं ते बघा. स्पीड पोस्ट उशिरा पोचलं तर भरलेलं शुल्क परत मिळतं. हरवलं किंवा आतली वस्तू गायब झाली तर शुल्काच्या दुप्पट किंवा १००० रुपये, यातलं जे कमी असेल ते, म्हणजे आत दहा हजारांची वस्तू असली तरी हातात बहुतेक वेळा शे-दोनशेच पडतात. म्हणून किमती वस्तू पाठवताना काउंटरवरच किंमत सांगून विमा उतरवायचा, तोच खरा आधार. साध्या पत्राची पावतीच नसते त्यामुळे तिथे भांडायला काही हातात नसतं. स्पीड पोस्टच्या पावतीवर १३ खुणांचा नंबर असतो, आधी दोन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी आयएन, तो तक्रारीत द्यावा लागतो, आणि पावतीची शाई फिकी पडत जाते तेव्हा त्याच दिवशी फोटो काढून ठेवावा. पोस्टाच्या पोर्टलवरून काम झालं नाही तर केंद्र सरकारचं सीपीग्राम्स हे तक्रार पोर्टल आहे, आणि खातं अधूनमधून टपालाच्या तक्रारी ऐकायला डाक अदालतही भरवतं.

फोनची गोष्ट वेगळी वळली. टेलिग्राफ कायद्याच्या कलम ७ब मध्ये लवादाची, म्हणजे कोर्टाऐवजी नेमलेल्या माणसाने वाद सोडवायची सोय होती आणि त्यावर बोट ठेवून सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये टेलिफोन बिलाचे वाद ग्राहक मंचात (आताच्या ग्राहक आयोगात) चालणार नाहीत असं ठरवलं. खासगी कंपन्यांनीही मग तीच ढाल पुढे केली. अहमदाबादच्या एका ग्राहकाचं महिन्याचं सरासरी बिल ५५५ रुपये, आणि २०१३ च्या शेवटी त्याला एकदम २४ हजारांच्या वर बिल आलं, तो मंचात गेला, कंपनी म्हणाली मंचाला अधिकारच नाही, आणि हा एवढाच मुद्दा वर वर जात फेब्रुवारी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टात ग्राहकाच्या बाजूने सुटला. दरम्यान २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेच्या व्याख्येत दूरसंचार हा शब्दच घातला गेला होता, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही ऑनलाइन वादनिवारणाची सोय सांगताना ग्राहक कायद्याखालचा हक्क तसाच राहील असं लिहिलंय.

आता सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो ट्रायबद्दल. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, १९९७ मध्ये स्थापन झाली, ती नियम करते, पण एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे थेट तिकडे लिहून लोकांचे महिने वाया जातात. तिच्याच २०१२ च्या नियमांप्रमाणे आधी कंपनीच्या तक्रार केंद्राकडे जायचं आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक घ्यायचा, तो दिल्याशिवाय फोन ठेवू देऊ नका. समाधान झालं नाही तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे, तिथे फी नाही आणि ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. नको असलेल्या जाहिरातींच्या कॉलची तक्रार १९०९ वर. कंपनीलाच कंटाळला असाल तर नंबर तोच ठेवून बाहेर पडता येतं, ही सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे, १९०० वर पोर्ट (PORT) लिहून आपला नंबर एसएमएस केला की नव्या कंपनीला द्यायचा कोड येतो, मात्र पोस्टपेडचं थकलेलं बिल आधी भरावं लागतं आणि सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले असावे लागतात.

एवढं करूनही हाती काही लागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या सेवेसाठी तिथे फी लागत नाही, वकील लावायची सक्ती नाही, घरबसल्या ऑनलाइनही तक्रार दाखल करता येते, फक्त कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायला हवं, आणि कंपनीशी मेलामेली करत बसलं तरी ही मुदत थांबत नाही.