हँडब्रेकचा दांडा वर का येतो?

नव्या गाडीत पाचव्या खटक्याला घट्ट लागणारा हँडब्रेक काही वर्षांनी नवव्या-दहाव्या खटक्यापर्यंत वर येऊ लागतो. दांडा जवळजवळ उभा राहतो, तरी चढावर गाडी वीतभर मागे सरकते. अशा वेळी सगळे एकच सांगतात, "केबल सैल झाली असेल, नट आवळून टाक." मीही पहिल्यांदा तेच केलं होतं. दांड्याखालचं प्लॅस्टिकचं कव्हर काढलं, केबलच्या टोकाचा नट पाच-सहा फेरे आवळला आणि दांडा पुन्हा पाचव्या खटक्यावर आला. महिन्याभराने एका लांबच्या प्रवासानंतर खाली उतरलो, तर मागच्या डाव्या चाकाजवळ करपल्यासारखा वास येत होता. चाकाजवळ तळहात नेला तर इस्त्रीजवळ नेल्यासारखी धग लागली.

ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा ब्रेकचा गोल डबा, उघडल्यावर खरं दुखणं दिसलं. केबलला काहीच झालेलं नव्हतं. आत ब्रेकचं अंतर आपोआप राखणारी एक छोटी दातेरी चक्री असते, ती गंजून जागच्या जागी बसली होती. तिच्या दातांत ब्रेकची काळी भुकटी आणि गंज यांचा दगडासारखा थर जमला होता. मी नट आवळून तिचं काम केबलच्या गळ्यात घातलं होतं. म्हणून घरी हँडब्रेक ॲडजस्ट करायला बसणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एवढंच सांगतो, की सुरुवात चाकाकडून करा, नटाकडे सगळ्यात शेवटी या. असं का, ते समजायला हाताचा जोर चाकापर्यंत कसा पोचतो ते पाहावं लागेल.

पायाचा ब्रेक तेलाच्या दाबावर चालतो. साधा हँडब्रेक त्या तेलाला हातही लावत नाही. दांडा, पोलादी केबल आणि बहुतेक गाड्यांत मागची दोन चाकं, एवढाच त्याचा संसार. तेल गळून गेलं तरी तो लागला पाहिजे, म्हणून त्याची वाट मुद्दाम वेगळी ठेवलेली असते.

ही वाट किती ताणली जाते याचा एक ढोबळ हिशेब करू. प्रत्येक गाडीचे आकडे वेगळे असतात, पण प्रमाण साधारण असंच. माणसांसह १२०० किलोची गाडी २० टक्के चढावर उभी आहे, म्हणजे १०० मीटर आडव्या अंतरात रस्ता २० मीटर चढतो. गाडीला मागे ओढणारं बळ इथे सुमारे २३५ किलो वजनाएवढं असतं. हा चढ मी उगाच निवडलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 'आर १३-एच' या ब्रेकविषयक नियमात भरलेली कार २० टक्के चढावर आणि उतारावर हँडब्रेकने उभी राहिली पाहिजे अशी अट आहे, आणि तेवढ्यासाठी हाताला ४०० न्यूटनपेक्षा, म्हणजे साधारण ४० किलोपेक्षा, जास्त जोर लागता कामा नये.

आपण २० किलोच्या जोराने दांडा ओढला असं धरू. दांडा म्हणजे तरफ. ती जोर सातपट करते, केबलमध्ये १४० किलोचा ताण येतो. मध्ये एक छोटी आडवी पट्टी असते, ती हा ताण दोन्ही चाकांना सारखा वाटते, म्हणजे प्रत्येकी ७० किलो. ड्रमच्या आत आणखी एक तरफ असते, ती जोर चौपट करते. आणि मग ब्रेकचे शू, म्हणजे घर्षणाचा थर लावलेल्या दोन कमानदार पट्ट्या, ज्यांना मेकॅनिक 'लायनर' म्हणतात, ड्रमच्या आतल्या भिंतीवर दाबले जातात.

इथे ड्रम ब्रेकची एक फार देखणी गोष्ट घडते. दाराखाली पाचर सारली की दार जितकं ढकलावं तितकी ती जास्त घट्ट बसते. ड्रम फिरू पाहतो तेव्हा दोन शूंपैकी एकाला तो स्वतःबरोबर ओढतो, आणि त्या ओढीनेच तो शू ड्रममध्ये आणखी रुतत जातो. गाडीचीच ओढ गाडीला धरायला मदत करते. गाडी उलट दिशेला सरकू लागली तर दुसरा शू ही भूमिका घेतो. त्यामुळे शूंवर जेवढा जोर लावला त्याच्या साधारण दुप्पट घर्षण ड्रमवर मिळतं. चाकाची त्रिज्या ड्रमच्या तिप्पट धरली तर रस्त्यापाशी त्याचा तिसरा हिस्सा उरतो.

आता केबलकडे वळू. बाहेर गुंडाळलेल्या तारेची नळी आणि आत पीळ दिलेली तार, अशी ही केबल ओळखली जाते ती अर्नेस्ट बॉडेन यांच्या नावाने. त्यांचं ब्रिटिश पेटंट १८९६ सालचं. वळणावळणाच्या वाटेने जोर नेण्याची याहून सोपी युक्ती मला माहीत नाही. पण प्रत्येक वळण आपला कर घेतं. खांबाला दोरीचे दोन वेढे दिले की एक माणूस मोठी नाव रोखून धरू शकतो, कारण वळलेल्या दोरीचं घर्षण वेढ्यागणिक गुणाकाराने वाढतं. अठराव्या शतकातले गणिती लेओनार्ड ऑयलर यांनी त्याचं सूत्र मांडलं. नाव रोखताना हे घर्षण आपल्या बाजूचं असतं, केबलमध्ये ते आपल्या विरुद्ध जातं. गंमत अशी की वळण ऐसपैस आहे की अरुंद, याने त्या सूत्रात फरक पडत नाही. वळणांचा एकूण कोन किती, एवढंच मोजलं जातं.

केबलची सगळी वळणं मिळून अर्धा वेढा होतो असं समजा. केबल आतून गुळगुळीत असेल आणि घर्षणांक ०.१ असेल, तर ७० किलोतले ५१ किलो पलीकडे पोचतात. पुढचा हिशेब केला तर दोन्ही चाकं मिळून रस्त्यापाशी सुमारे २७० किलोचा अडसर तयार होतो. लागत होते २३५. गाडी उभी राहते. आता तीच केबल आतून गंजली आणि घर्षणांक ०.३ झाला, तर ७० पैकी फक्त २७ किलो पोचतात आणि अडसर १४५ च्या आसपास येतो. दांडा हाताला घट्टच लागेल, खटकेही बरोबर असतील, पण त्या चढावर गाडी घसरेल. अशा केबलचा नट कितीही आवळा, हाताने लावलेला जोर वळणांतच विरून जाणार. ती बदलावीच लागते. दांडा खाली केल्यावरही चाक जड फिरत असेल, तर हे पहिलं लक्षण समजा.

मग दांडा वर का येतो? जोर वाढवून देणारी प्रत्येक तरफ त्याची किंमत अंतरात वसूल करते. वरच्या हिशेबात हाताची हालचाल आणि शूंची हालचाल यांचं प्रमाण सात गुणिले चार, म्हणजे २८ ला १ आहे. दोन्ही शू प्रत्येकी १ मिलिमीटर झिजले आणि ती जागा कोणी भरून काढली नाही, तर दोन्ही मिळून २ मिलिमीटरची पोकळी होते. ती भरायला हाताला ५६ मिलिमीटर जास्त ओढावं लागतं. चाकातली नखाएवढी झीज, आणि हातात साडेपाच सेंटिमीटर! केबल नवी असताना तिच्या तारा थोड्या बसतात आणि ती किंचित लांबते, हे खरं आहे. पण जुन्या गाडीचा दांडा हळूहळू वर चढत असेल तर बहुतेक वेळा दोष शूंच्या पोकळीत असतो. ती भरून काढायचं काम त्या दातेरी चक्रीचं.

नट आवळून हीच पोकळी भरली तर ड्रममधली तरफ सतत अर्धवट ओढलेली राहते. दांडा खाली असतानाही ती आपल्या जागेवर पूर्ण परतत नाही. अनेक रचनांमध्ये तरफ पूर्ण परतल्याशिवाय चक्री पुढे सरकतच नाही, म्हणजे जी आधीच अडली होती ती आता कायमची बंद पडते. शिवाय शू ड्रमला घासत राहतात. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाताना, रस्त्यापाशी मोजलेल्या नुसत्या ५ किलोएवढ्या अडसरातून सुमारे १००० वॉट उष्णता निघते. कपड्यांची इस्त्री चाकात चालू ठेवून प्रवास केल्यासारखं ते आहे. त्या दिवशी माझ्या तळहाताला लागलेली धग हीच.

आता प्रत्यक्ष काम. जमीन सपाट आणि कडक हवी. पुढच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा, कारण या कामात हँडब्रेक सोडलेला असतो आणि मागची चाकं हवेत असतात. गाडीला धरणारं दुसरं काही उरत नाही. मागची बाजू जॅकने उचला आणि लगेच मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी भक्कम जॅक स्टँड द्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. हे मी अगदी कळकळीने सांगतोय.

हँडब्रेक पूर्ण खाली करा आणि केबलचा नट आधी सैल करा, म्हणजे आतल्या तरफा मोकळ्या होतील. मग ड्रमच्या मागच्या पत्र्यावरचा रबरी बूच काढा. बऱ्याच गाड्यांत त्या भोकातून चपटा स्क्रूड्रायव्हर घातला की चक्रीचे दाते लागतात. एकेक दात सरकवत चाक हाताने फिरवून पाहा. चाक अडू लागलं की थांबा आणि दाते उलटे मोजत मागे या, चाक मोकळं फिरून अगदी हलकी सळसळ ऐकू येईपर्यंत. दोन्ही चाकांना सारखंच करा. चक्री हलतच नसेल तर ड्रम उघडून ती साफ करावी लागते. उघडल्यावर आतली भुकटी फुंकू नका, हवेचा झोतही मारू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, आणि आजची भुकटीही फुफ्फुसात जाण्यासारखी नाही. ओल्या फडक्याने पुसून घ्या. काही गाड्यांत असं भोक नसतं. तिथे पायाचा ब्रेक वीस-पंचवीस वेळा दाबला की चक्री स्वतः पुढे सरकते.

हे झालं की दोन-तीनदा ब्रेक पॅडल जोरात दाबा, शू मधोमध बसतील. आता नटाकडे या. अर्धा-अर्धा फेरा आवळायचा आणि दर वेळी खटके मोजायचे. किती खटके हवेत हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं, आणि अनेकदा ते सुमारे २० किलोच्या ओढीला दिलेलं असतं, म्हणून सगळी ताकद लावून मोजू नका. पहिल्या-दुसऱ्या खटक्याला चाक किंचित जड झालं, सांगितलेल्या खटक्याला दोन्ही चाकं हाताने हलेनाशी झाली आणि दांडा खाली करताच दोन्ही मोकळी फिरली, तर जमलं. एकच चाक अडत असेल आणि वाटणी करणारी पट्टी तिरकी दिसत असेल, तर एका बाजूची केबल किंवा आतली तरफ अडकलेली आहे. पहिल्या खटक्याला डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागतो ना, तेही पाहून घ्या आणि लॉक नट असेल तर तो घट्ट करा.

मागे डिस्क ब्रेक असतील तर रीत बदलते. काही गाड्यांत डिस्कच्या मधल्या टोपीत एक छोटा ड्रम लपवलेला असतो, त्याला वरचंच लागू, फक्त पायाचा ब्रेक त्या ड्रममधल्या शूंपर्यंत पोचत नाही, म्हणून पॅडल दाबून तिथे काही होत नाही. काहींत केबल थेट कॅलिपरची, म्हणजे डिस्कवर दोन्हीकडून पॅड आवळणाऱ्या चिमट्याची, तरफ ओढते. तिथे नट आवळताना दांडा खाली असताना ती तरफ आपल्या अडणीला पूर्ण टेकलेली राहिली पाहिजे, एवढं जपा. बटणाने लागणाऱ्या इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेकला मात्र घरी हात लावू नका. त्याची मोटर न सांगता चालू झाली तर बोटं चिरडू शकतात.

डिस्क आणि ड्रम यांत आणखी एक फरक आहे आणि तो गाडी उभी करून गेल्यावर कळतो. घाट उतरून तापलेली डिस्क थंड होताना पातळ होते. १० मिलिमीटर जाडीची ओतीव लोखंडाची डिस्क ३०० अंशांनी थंड झाली तर जेमतेम ०.०३ मिलिमीटरने आकसते. पण दोन्हीकडून आवळलेल्या पॅडची पकड तेवढ्यानेही सैल पडते, आणि लावताना घट्ट वाटलेला ब्रेक अर्ध्या तासाने कमी पडू शकतो. ड्रमचं उलटं. तो बाहेरून शूंना वेढून असतो, त्यामुळे थंड होताना त्यांच्यावर आवळला जातो. म्हणून तापलेल्या डिस्कवर गाडी उभी करताना दांडा एक खटका जास्त ओढावा आणि गिअरही टाकावा. ऑटोमॅटिक गाडीत आधी हँडब्रेक, मग 'पी'. नाहीतर सगळं ओझं गिअरबॉक्समधल्या एका छोट्या दातावर येतं.

शेवटची परीक्षा मी हलक्या, मोकळ्या चढावर घेतो. खाली कोणी नाही याची खात्री करून गाडीतच बसायचं, गिअर न्यूट्रल, पाय ब्रेक पॅडलच्या अगदी वर, आणि हळूच पाय उचलायचा. गाडी हलली नाही की गिअर टाकायचा, पुढची चाकं रस्त्याच्या कडेकडे वळवायची आणि मागच्या चाकांना ठोकळे द्यायचे, टायरपासून दोन बोटं जागा सोडून. मग उतरून टायरवरून जमिनीपर्यंत खडूने एक सरळ रेघ ओढायची आणि तासाभराने परत जाऊन पाहायची. टायरवरची रेघ जमिनीवरच्या रेघेशी जुळलेली असली, की मी पाने पेटीत ठेवतो.